झंझाचा डावा पाय

४ ऑगस्ट

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत लहानपण काढलेल्या समस्त बंधुभगिनींनो,

म्हणजे तू आणि मी. सभेला दोनच माणसं आहेत आणि त्यातलं एक बोलतंय, तेव्हा गणसंख्येचा मुद्दा कुणी काढू नये.

आपल्या दोघांची तक्रार एकच आहे, धाकट्या. आपल्याला कुणी जिना उतरू दिला नाही. मला नाही, कारण डाव्या पायात पोलिओ आणि त्यावर मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर. तुला नाही, कारण "ताई एकटी बसेल, तू कुठे निघालास?" खाली पोरं ओरडायची, चेंडू भिंतीवर आपटायचा, आणि तू गजांना नाक लावून बसायचास. माझ्या पायात लोखंड होतं. तुझ्या पायात मी होते. हा अन्याय होता, आणि तो आपण केलेला नव्हता, एवढं आज लेखी मान्य करून पुढे जाते.

"चित्रकथा माझी, पात्र माझं, विषय संपला," म्हणून तू फोन ठेवलास त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर मीही बोलले नाही. आज लिहितेय ते भांडायला नाही. हे वाक्य खरं नाही, पण पत्राच्या सुरुवातीला शोभतं म्हणून राहू दे.

बातमी अशी, की तुझी ताई कॉस्प्ले करणार आहे.

हसून घे. आवडत्या पात्राचा पोशाख आपल्या हातांनी बनवायचा, घालायचा आणि ते पात्र होऊन चारचौघांत मिरवायचं, हे तुला मी काय सांगणार? तुझ्या झंझाचा वेश करून पोरी तुझ्यासमोर रांगा लावतात, असं ऐकते. मला मात्र हे सगळं नवं. झालं असं, की गेल्या आठवड्यात पाणी खात्याच्या फाटकावर आमच्या युनियनची द्वारसभा होती. साहेबांची गाडी बाहेर निघाली आणि मी वाटेतून हलले नाही. तुला ठाऊक आहे, हलायचं नसेल तर मला कुणी हलवत नाही. दुसऱ्या दिवशी तक्रार खिडकीवरची नवी पोरगी माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"काय बोलतेस त्यावर आहे."

"काल गाडीसमोर उभ्या होतात ना, सेम झंझा वाटत होतात! ती पळायच्या आधी अशीच थांबते."

"कोण झंझा?" मी विचारलं.

मी तसं का विचारलं ते तू ओळख. पोरगी तर उडालीच. तिने मोबाईलवर तुझी चित्रं दाखवली, तुझे पाचही भाग तोंडपाठ सांगितले, आणि शेवटी म्हणाली, "ऑक्टोबरात चित्रकथांचा मेळावा आहे, कॉस्प्लेची स्पर्धा असते. तुम्ही चलाच. पन्नाशीतली झंझा! पब्लिक वेडं होईल."

मी हो म्हणाले. तिला वाटलं, तिने मला तयार केलं. वाटू दे.

आई बरी आहे. तुझी पुस्तकं तिच्या उशाशी असतात.

ताई


२१ ऑगस्ट

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

त्या पोरीला मी फोमवाली म्हणते. तिच्या पिशवीतून कायम फोमचे तुकडे सांडतात, आणि तिच्या खिडकीवर तक्रार घेऊन आलेला माणूस अंगाला काळा भुसा लावून परत जातो. दर रविवारी ती आपल्या घरी येते आणि मला शिकवते. तिचा पहिला धडा असा, की नवख्याने आधी सोपं पात्र निवडावं. कपाटातल्या कपड्यांत बसेल, विग आणि एखादी पट्टी लावली की भागेल, असं. चिलखताच्या वाटेला एकदम जाऊ नये.

"मला झंझाच करायची आहे," मी म्हटलं.

"मॅडम, तिला पूर्ण चिलखत आहे. खांदे, छाती, दोन्ही पाय."

"माहीत आहे."

"मागे तर विचारलंत, कोण झंझा!"

"आता वाचलं."

मग कामाला लागलो. चटई असते तसा जाड फोम असतो. अंगाला प्लॅस्टिकचा कागद आणि चिकटपट्टी गुंडाळायची, त्यावर पेनाने रेषा मारायच्या, तो कागद कापून सपाट केला की नमुना तयार. नमुना फोमवर ठेवून कापायचा. गरम हवेच्या बंदुकीने शेकला की फोम मऊ पडतो, मग तो गुडघ्यावर दाबून धरायचा, हवा तसा वळतो. सोल्युशन दोन्ही कडांना लावायचं आणि सुकेपर्यंत थांबायचं. ओलं असताना चिकटवलं तर चिकटत नाही. मी तीनदा ओलंच चिकटवलं. आयुष्यभर लोकांना "थांबा, घाई करू नका" असं सांगत आलेल्या बाईला सोल्युशन सुकेपर्यंत दम धरवत नाही!

परवा पायांची चिलखतं केली. एका पायाचा नमुना घ्यायचा आणि दुसऱ्या पायासाठी तो उलटा करून ठेवायचा असतो. नवखे हमखास विसरतात, म्हणे. मी विसरले. दोन्ही तुकडे उजव्या पायाचे झाले. फोमवाली डोक्याला हात लावून बसली आणि मी हसत सुटले. ती म्हणाली, "हसताय काय, अख्खा रविवार वाया गेला." तिला काय सांगणार? पन्नाशी उलटल्यावर मला प्रथमच दोन उजवे पाय मिळाले होते.

पुढे ती जे बोलली ते ऐक. माझ्या कॅलिपरकडे न बघता, अगदी हळू आवाजात: "डावा तुकडा आपण जरा मोठा करू. आतलं सगळं झाकलं जाईल. कुणाला पत्ताही लागणार नाही."

पोरगी वाईट नाही. तिच्यापुढे तुझं चित्र होतं. त्या चित्रात झंझाच्या पायात काही नाही. दोन लांबसडक पाय आणि मागे उडणारी धूळ.

म्हणून मी तिला झंझा आधी जी होती, त्या खटकीची गोष्ट सांगितली. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तू पहिल्यांदा काढलेली खटकी. उठताना माझ्या कॅलिपरची गुडघ्यावरची कडी खाली पडायची, पाय सरळ अडकायचा आणि खट् आवाज व्हायचा, म्हणून खटकी. गोष्ट मी सांगायचे, चित्रं तू काढायचास. खटकी पळायची नाही, तेच तिचं हत्यार होतं. पुलाच्या मधोमध जायची, कडी पाडायची, आणि मग कितीही मोठी फौज आली तरी तिला पुलावरून हटवता येत नसे. फौजा कंटाळून परत जायच्या. तू सेनापतींचे वैतागलेले चेहरे काय काढायचास!

फोमवालीने मोबाईलवरचं तुझं चित्र पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे झंझा... तुम्ही?"

"खटकी मी. झंझा कोण ते तिच्या बापाला विचार."

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. पोरगी गेल्यावर म्हणाली, "त्याने कागदावर का होईना, तुला बरं केलं. एवढं काय वाईट केलं त्याने?"

"आई, मी आजारी नव्हते."

"मग मी काय उगाच तुला खांद्यावर घेऊन दवाखाने हिंडले?"

मी सांडलेले फोमचे तुकडे गोळा करायला लागले. मी, धाकट्या! आयुक्तांना गप्प करणारी बाई.

ताई


९ सप्टेंबर

धाकट्या,

आज सगळे पत्ते मांडते. मी गनिमी कावा करणारी बाई नाही. जे करणार ते आधी कळवून करते. संपाची नोटीसही मी मुदतीच्या आधी देते.

मेळाव्याच्या जाहिरातीत परीक्षक म्हणून तुझं नाव आहे. मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, फोमवालीच्या मोबाईलवर, झंझा कोण असं विचारण्याच्या जरा आधी. मी येणार आहे. तुझ्यासमोर उभी राहणार आहे. डाव्या पायाला चिलखत नसेल. लोखंड उघडं असेल, घासून लखलखीत केलेलं. तू ते बघावंस आणि सगळ्यांसमोर म्हणावंस की हो, ही अशी होती. मला दुसरं काही नको. पहिला नंबर नको, माफी नको, पुस्तकावर नाव नको.

हे मी एक महिना आधी सांगतेय, नंतर अचानक गाठलं असं म्हणू नकोस.

आणखी एक आहे.

रविवारी झंझाच्या छातीवरचं चिन्ह कापलं. एक चौकट, तिच्यात तिरकी रेघ, खाली तीन ठिपके. फोमवालीने त्यावर मला व्याख्यान दिलं: चौकट म्हणजे कैद, रेघ म्हणजे तलवार, ठिपके म्हणजे तीन जन्म. वाचकांमध्ये म्हणे दोन तट आहेत. काही जण ठिपक्यांना चंद्र म्हणतात. मधला ठिपका इतर दोघांपेक्षा जरा लांबट का, यावर लोक एकमेकांशी बोलेनासे झालेत.

मी ते फोममधून कापलं, चंदेरी रंग दिला आणि सुकायला खिडकीत ठेवलं. आई चष्मा पुसत आली, हातात घेतलं, फिरवून पाहिलं.

"हे बक्कल कशाला केलंयस?"

"कसलं बक्कल?"

"पोटरीच्या पट्ट्याचं. रोज सकाळी मीच लावायचे की. मधल्या भोकात. ओढून ओढून ते लांबट झालं होतं."

फोमवालीने आ वासला. मी आत गेले. कपाटात माझे लहानपणचे कॅलिपर आईने ठेवलेत. का ठेवलेत ते मी कधी विचारलं नाही. त्यातला सगळ्यात छोटा काढला. पट्टा तुझ्या चिन्हाशेजारी धरला.

चौकट, जीभ, तीन भोकं. मधलं लांबट.

म्हणजे तू विसरला नव्हतास! इतकी वर्षं मी समजत होते की तू विसरलास, आणि विसरलेल्या माणसावर रागवून उपयोग नसतो म्हणून राग मी गिळत आले. तू तर भोकाचा आकारसुद्धा विसरला नाहीस. पायातून काढलंस आणि छातीवर डकवलंस! पाय बाजारात चालला नसता, दागिना चालला. माझ्या लोखंडाचा दागिना करून तू तो धडधाकट बाईच्या गळ्याखाली अडकवलास, आणि लोक त्यात चंद्र बघत बसलेत.

मी मोर्चे पाहिलेत, लाठ्या पाहिल्यात. इतकं खोल कुठे लागलं नव्हतं.

पत्राला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. तिथे दे.

ताई


२३ सप्टेंबर

धाकट्या,

नाव नोंदवलं. पात्राची मूळ चित्रं जोडावी लागतात, त्यावरून परीक्षक साम्य तपासतात. मी कपाटाच्या दाराचा फोटो पाठवला. खटकी, पूल, वैतागलेले सेनापती. कार्यालयातून उत्तर आलं: चाहत्यांनी काढलेली चित्रं ग्राह्य धरली जाणार नाहीत, कृपया अधिकृत चित्र जोडावे.

तुझं पहिलं चित्र चाहत्याचं ठरलं, आणि मी माझीच नक्कल ठरले. फोमवाली चिडून मेळाव्याच्या माणसांशी फोनवर भांडली. तिला वाटतं, भांडण माझ्याकडून शिकली. मी म्हटलं, "जोड अधिकृत चित्र. आपल्याला आत जायचंय."

विग आला. तुझ्या झंझाचे केस निळसर आहेत. ते घालून मी आरशासमोर उभी राहिले तर आई म्हणाली, "शाईच्या दौतीत पडल्यासारखी दिसतेस." मग तिने मागून दोन चिमटे लावून दिले आणि म्हणाली, "तोही खिडकीतच बसून होता गं. तुला तरी निमित्त होतं."

ते वाक्य डोक्यातून जाईना. मी तुझे पाचही भाग पुन्हा वाचले. झंझा जिने उतरते. प्रत्येक भागात उतरते. किल्ल्याचे, मनोऱ्याचे, जळत्या इमारतीचे. तीन-तीन पायऱ्या एकदम. खाली पोचली की एक मोकळं अंगण असतं आणि पुढचं पान पूर्ण रिकामं सोडलेलं असतं.

ती माझ्यासाठी पळत नाही, धाकट्या. ती तुझ्यासाठी पळते. चेहरा माझा लावलास आणि पाय तुझे.

मग तसं सांगायचं होतंस! मी तुला पळायला कधी नको म्हटलं होतं? खटकीला पुलावर उभी ठेवून तिच्या भावाला पळू दिलं असतंस, तर मीच पहिली टाळी वाजवली असती. पण तुला पळायला माझा पाय काढूनच टाकावा लागला. हे मला कळलं म्हणून माफ झालं, असं समजू नकोस. कळणं वेगळं.

येतेच.

ताई


७ ऑक्टोबर

धाकट्या,

जे झालं ते तू पाहिलंस. तरी मी लिहिते, कारण तू काय पाहिलंस ते मला माहीत नाही. मी काय पाहिलं ते ऐक.

परीक्षकांच्या खोलीत एक लांब टेबल होतं. त्यामागे तू आणि नाटकांचे पोशाख शिवणाऱ्या त्या बाई. दारावरच्या कार्यकर्त्याने मला बघितलं आणि न विचारता खुर्ची पुढे केली. "बसा ना काकू, त्रास होईल." मला त्रास होत नव्हता. पण गुडघ्याची कडी उचलली आणि बसले.

तू थकलास. केस गेले. कागदातून मान वर काढत नव्हतास.

बाईंनी माझे खांदे चाचपले, शिवणी उलटून पाहिल्या, कडा नीट घासल्यात म्हणाल्या. मग पायाकडे वळल्या. "काम सुरेख आहे. पण झंझाला हे नाही ना? साम्याचे गुण जातील. हे कुठल्या भागात आहे?"

"मूळ चित्रकार तुमच्या शेजारी बसलेत," मी म्हटलं. "त्यांना विचारा."

बाईंनी तुझ्याकडे पाहिलं. फोमवालीने पाहिलं. दारावरच्या पोराने पाहिलं.

आणि तू म्हणालास, "नाही. मूळ पात्रात असं काही नाही." मग पेनाचं टोपण लावत म्हणालास, "पण कल्पना छान आहे."

कल्पना!

मी उठले. टेबलाला हात न लावता, जशी नेहमी उठते तशी. गुडघा सरळ होतो आणि कडी पडायची असते, त्या मधल्या क्षणी माझा तोल कशावरच नसतो. लहानपणी त्या क्षणी तुझा हात माझ्या कोपराखाली असायचा. तुला कुणी शिकवलं नव्हतं. खट् होईपर्यंत धरायचास आणि खट् झालं की सोडायचास.

परवा तुझा हात उठला. मान खाली, नजर कागदावर, आणि उजवा हात टेबलावरून पुढे आला, पेनासकट, माझ्या कोपराच्या खाली. स्पर्श झाला नाही, मधे वीतभर अंतर होतं. खट् झालं आणि हात मागे गेला. अगदी तेव्हासारखा, ना आधी, ना नंतर.

बाईंना वाटलं, तू कागद सरकवलास. मी पाहिलं.

नंतरचा तमाशा सगळ्यांसमोर झाला. स्टेजला पाच पायऱ्या आणि कठडा नाही, त्या मी चढले. निवेदकाने जाहीर केलं: "प्रेरणादायी सहभागाचं विशेष बक्षीस!" अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. बसलेला एकटा तू. मी कुणाला प्रेरणा द्यायला आले नव्हते. मी माझा पाय मागायला आले होते, आणि लोकांनी मला फुलं दिली.

निवेदकाने माइक पुढे केला. खालून फोमवाली ओरडत होती, "मॅडम, बोला ना! सांगा ना सगळं!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिच्या वेशासाठी चेहऱ्याला लावलेला रंग उतरून गळ्यापर्यंत आला होता. उभ्या आयुष्यात मी हातातला माइक न बोलता परत केलेला नाही. परवा केला.

भ्याले म्हणून नाही. तिथे मी दोन वाक्यं बोलले असते तर सगळं सभागृह तुझ्यावर तुटून पडलं असतं. तू दुसऱ्या दिवशी निवेदन काढलं असतंस, आणि पुढच्या भागात घाबरून, जीव मुठीत धरून, झंझाच्या पायाला काहीतरी लावलं असतंस. जमावाच्या धाकाने काढलेली रेघ मला नको. तशा पुष्कळ रेघा मी साहेबांकडून काढून घेतल्यात. पहिल्याच पावसात धुऊन जातात.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

तिने मागून माझ्या विगचे चिमटे काढले. मग बोलली, "आणि हात?"

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, धाकट्या. हाताबद्दल एक अक्षरही नाही. ती आपल्या दोघांची आई आहे, हे आपण दोघंही विसरतो.

तेव्हा आता माझी मागणी. एकच आहे, आणि वाटाघाटींना जागा नाही. मला भेटायला येऊ नकोस. फोन करू नकोस. चार लोकांत सांगत बसू नकोस. तुझं तोंड मी ऐकलं, त्याच्यावर माझा भरवसा उरला नाही. तुझ्या हाताशी बोलतेय.

सहाव्या भागाचं पहिलं पान घे. झंझा जिन्याच्या वरच्या टोकाला उभी असेल, मला माहीत आहे. तिच्या छातीवरचं ते चिन्ह खोड. मग पेन्सिल डाव्या पायावर आण. मांडीला चामड्याचा रुंद पट्टा. दोन्ही बाजूंनी दोन सळया, सरळ, बुटाच्या टाचेपर्यंत. गुडघ्यापाशी कडी, खाली पडलेली. पोटरीला पट्टा, पट्ट्याला बक्कल, बक्कलाखाली तीन भोकं.

मधलं लांबट. काढ.

ताई